ठेंगणा फणस: कलम निवडण्यापासून पहिलं फळ उतरवण्यापर्यंत

फणस लावायची हौस अनेकांना असते, पण जागेचा विचार आला की हात आखडतो. मोकळं सोडलेलं झाड १५ ते २० मीटर उंच जातं, घेरही तसाच पसरतो. आठळी रुजवून लावलं तर पहिलं फळ दिसायला सात-आठ वर्षं, कधी त्याहून जास्त लागतात. फळ उंचावर लागलं तर ते उतरवणं हे वेगळंच काम होऊन बसतं. ठेंगण्या जातीच्या कलमांनी या अडचणी बऱ्याच कमी केल्या आहेत. नीट सांभाळलेलं झाड तीन मीटरच्या आत राहतं, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी फुलोरा दाखवतं आणि फळं जमिनीवर उभं राहून हाताने काढता येतात.

मात्र "नीट सांभाळलेलं" हे शब्द वाचून पुढे जाऊ नका, सगळी गोम तिथेच आहे. ठेंगणी म्हणून विकली जाणारी फणसाची बहुतेक झाडं जन्मजात बुटकी नसतात. ती लवकर फळणारी, जरा संथ वाढणारी आणि छाटणी सोसणारी असतात, इतकंच. सफरचंदात झाड खुजं ठेवणारे खास खुंट (ज्या मुळाच्या रोपावर कलम बांधतात ते) आहेत, तसा खात्रीचा खुंट फणसात रुळलेला नाही. कात्री न लावता पाच-सहा वर्षं सोडून दिलं तर "ठेंगणं" झाडही छपरावर डोकावू लागतं. म्हणून जात निवडण्याइतकीच छाटणी महत्त्वाची, आणि माझ्या मते तर जास्तच. नवखा माणूस नेमका तिथेच कचरतो. झाड कापायला जीव धजत नाही.

तो धजावा म्हणून फणसाचा एक गुण आधी समजून घ्या. आंब्याला मोहोर फांदीच्या टोकाला येतो, त्यामुळे टोकं कापली की त्या हंगामाचं पीक गेलं. फणसाचं तसं नाही. त्याचं फळ खोडावर आणि जाड फांद्यांवर लागतं, आखूड देठाच्या धुमाऱ्यांवर. शेंडा कापल्याने फळ धरणारी जागा जात नाही. उलट खोडापर्यंत उजेड पोचतो आणि झाडाची ताकद उंची गाठण्याऐवजी खाली वळते. बुटका ठेवूनही भरपूर फळू शकेल अशी शरीररचना या झाडाला निसर्गानेच दिली आहे.

जात कोणती घ्यावी

सध्या सर्वांत जास्त बोलबाला व्हिएतनाम सुपर अर्ली या जातीचा आहे. नावाप्रमाणे ती लवकर फळते. चांगल्या निगराणीत कलम लावल्यापासून दीड-दोन वर्षांत फुलोरा दिसू शकतो. गरा पिवळा, जाड आणि कुरकुरीत, म्हणजे आपल्या भाषेत कापा. ऑस्ट्रेलियात निवडलेली चीना ही फणस आणि त्याचा जवळचा भाऊबंद चेंपेडाक यांच्या नैसर्गिक संकरातून आलेली जात आहे. झाड बसकं, पसरट आणि फळं लहान, साधारण दोन-अडीच किलोची. वर्षाला एकदा छाटलं तर ती अडीच मीटरमध्ये आरामात राहते, म्हणून लहान अंगणाला मला ही फार पसंत. ऑस्ट्रेलियातलीच ब्लॅक गोल्ड आणि थायलंडची डांग रासिमी या जोमदार जाती आहेत. नियमित छाटणीत त्याही आटोक्यात राहतात, पण एक वर्ष चुकलं तर भराभर हाताबाहेर जातात.

नावापेक्षा दोन प्रश्न महत्त्वाचे. पहिला, तुम्हाला गरा कसा हवा? कापा घट्ट आणि सुटा निघतो, बरका मऊ, रसाळ आणि तंतूचा. दुसरा, फळ केवढं हवं? चार माणसांच्या घरात २० किलोचा फणस कापला की निम्मा वाटण्यातच जातो. तीन ते सहा किलोचं फळ देणारी जात घरालाही सोयीची आणि विकायलाही.

आठळीपासून स्वतःच रोप करायचा मोह आवरा. फणसात परपरागीभवन होतं, म्हणजे एका झाडाच्या फुलाला दुसऱ्या झाडाचा पराग मिळतो, त्यामुळे बीपासून झालेलं झाड आईसारखं निघेल याचा भरवसा नसतो. ठेंगण्या झाडाच्या आठळीतून धिप्पाड झाड उभं राहू शकतं. आठळ्या रुजवायच्याच असतील तर खुंटासाठी रुजवा, आणि त्याही फळातून काढल्या की लगेच. वाळल्या की त्यांची उगवणशक्ती झपाट्याने जाते.

कलम ओळखायचं कसं

रोपवाटिकेत गेल्यावर सगळ्यांत उंच, सगळ्यांत हिरवं रोप उचलण्याची चूक जवळजवळ सगळेच करतात. उंच रोप बहुधा लहान पिशवीत जास्त दिवस राहिलेलं असतं आणि त्याची मुळं तळाशी गोल फिरलेली असतात. गुडघ्याएवढं, पेन्सिलीपेक्षा जाड खोडाचं, दोन-तीन पालव्या पक्व झालेलं कलम पुष्कळ.

कलमाचा जोड बघा. तो जमिनीपासून १०-२० सेंटिमीटरवर स्पष्ट दिसला पाहिजे, भरून आलेला असावा, भेग किंवा वाळलेला चीक नसावा. हलक्या हाताने वाकवलं तर जोडाशी लचकू नये. फणसाची कलमं बहुतेक मृदुकाष्ठ (कोवळ्या फांदीवर) किंवा कोय कलम (नुकत्याच रुजलेल्या रोपावर) पद्धतीने बांधतात, काही ठिकाणी डोळा भरतात. तिन्ही चालतात.

आता एक खूण. फणसाच्या बीपासून आलेल्या कोवळ्या रोपाची पानं पुष्कळदा खाचा असलेली, बोटांसारखी विभागलेली असतात. पक्व झाडाची पानं अखंड, लंबगोल आणि चकचकीत असतात. कलमकाडी पक्व झाडावरून घेतलेली असते, म्हणून जोडाच्या वर अखंड पानं दिसायला हवीत. वर सगळी खाचदार पानं दिसली तर ते कलम नसून साधं रोप असण्याची शक्यता मोठी. हीच खूण पुढेही उपयोगी पडते. जोडाच्या खालून फुटवा आला आणि त्याला अशी पानं असली तर तो खुंटाचा आहे. दिसताक्षणी बोटाने मोडून टाका. तो वाढू दिला तर खुंट वरच्या कलमाला उपाशी मारून स्वतःच झाड होऊन बसतो.

जागा

दिवसाला निदान सहा-सात तास थेट ऊन हवं. सावलीत झाड जगतं, पण उंच आणि किडमिडं होतं, म्हणजे नेमकं आपल्याला नको तसं. थंडीच्या बाबतीत फणस नाजूक आहे. तापमान शून्याला टेकलं की पानं करपतात आणि त्याखाली एक-दोन अंश गेलं तर फांद्या, कधी पूर्ण झाड मरतं. दव गोठणाऱ्या प्रदेशात पहिली दोन-तीन वर्षं हिवाळ्याच्या रात्री झाड झाकावंच लागतं. माती थोडी आम्ल ते उदासीन, सामू ५.५ ते ७ च्या आसपास असली की उत्तम.

पण फणस मरतो तो बहुतेक वेळा पाण्याने. तहानेने नव्हे, साचलेल्या पाण्याने. मुळं दोन-तीन दिवस पाण्यात बुडाली तरी पानं लोंबकळतात, मुळकूज शिरते आणि वरून काहीही केलं तरी झाड परत येत नाही. माझं पहिलं कलम असंच गेलं. चिकण मातीत खोल खड्डा घेतला, तो भुसभुशीत मातीने आणि शेणखताने भरला आणि आपण फार छान काम केलं असं वाटलं. पहिल्या मोठ्या पावसात आजूबाजूचं सगळं पाणी त्या मऊ खड्ड्यात उतरलं. कडेची चिकण माती त्याला बाहेर जाऊ देईना. जमिनीत पुरलेली बादलीच ती. पानं पिवळी पडली तेव्हा मला वाटलं खत कमी पडतंय, म्हणून मी अजून खत घातलं.

त्यामुळे लावण्याआधी ही चाचणी करा. दोन फूट खोल खड्डा घेऊन पाण्याने भरा. ते जिरलं की पुन्हा भरा. दुसऱ्यांदा भरलेलं पाणी चार-सहा तासांत उतरलं तर जागा चांगली. दुसऱ्या दिवशी सकाळीही पाणी दिसलं तर तिथे खड्डा करूच नका. जमिनीच्या वर दीड-दोन फूट उंच आणि पाच-सहा फूट रुंद असा मातीचा उंचवटा करून त्याच्या माथ्यावर कलम लावा. हे काम जड वाटतं, पण एकदाच करायचं असतं.

घराजवळ लावत असाल तर भिंतीपासून आणि पाइपांपासून चार मीटर लांब राहा. गाडी उभी करायची जागा झाडाखाली नको. चिकाचे डाग निघत नाहीत.

लावणी

पाण्याची सोय असेल तर थंडीचे दिवस सोडून कधीही लावा. पावसाच्या भरवशावर असाल तर पावसाच्या सुरुवातीला लावा, म्हणजे कोरडे दिवस येईपर्यंत मुळं पसरतात.

निचऱ्याच्या जमिनीत दोन फूट लांब, रुंद आणि खोल खड्डा पुरतो. वर निघालेल्या मातीतच एक तृतीयांशापर्यंत चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, अर्धा-एक किलो निंबोळी पेंड आणि मूठभर ट्रायकोडर्मा (मुळकूज रोखणारी उपयोगी बुरशी) मिसळा. कच्चं शेण घालू नका. त्याच्या उष्णतेने मुळं भाजतात आणि हुमणी लागते ते वेगळंच.

फणसाचं सोटमूळ नाजूक असतं आणि त्याला धक्का सहन होत नाही. रोप खोडाला धरून उपसू नका. पिशवी ब्लेडने उभी चिरा, तळ कापून काढा आणि मातीचा गोळा दोन्ही हातांवर तोलून खड्ड्यात ठेवा. तळाशी मुळाची गुंडाळी दिसली तर तेवढा वळलेला तुकडा धारदार कात्रीने साफ कापा. गुंडाळलेलं मूळ तसंच ठेवलं तर चार वर्षांनी झाड वाऱ्यात डोलायला लागतं. बाकी गोळा फोडू नका.

जोड मातीच्या वर किमान चार बोटं राहिला पाहिजे. माती पुढे खाली बसते, तेव्हा कलम दोन इंच वरच ठेवलेलं बरं. जोडावरची प्लॅस्टिकची पट्टी अजून असेल तर आत्ताच कापून काढा, नाहीतर खोड जाड होताना ती गळफास बनते. आधाराला काठी लावा, सुतळी इंग्रजी आठच्या आकड्यासारखी सैल बांधा आणि भरपूर पाणी द्या.

पहिलं वर्ष

या वर्षात झाडाला तीनच गोष्टी लागतात: ओल, आच्छादन आणि तुमची नजर.

पाण्याचं ठराविक वेळापत्रक मी सांगणार नाही, कारण रेताड आणि काळ्या मातीत आठवड्याचा फरक पडतो. बोट मातीत दोन पेरं खुपसा. कोरडं लागलं तर दहा-पंधरा लिटर द्या, ओल लागली तर थांबा. ठिबक असेल तर एका झाडाला दोन ड्रिपर, खोडापासून एक-एक फूट दोन बाजूंना. पाणी खोडाशी ओतायचं नाही.

वाळका पाला, गवत किंवा भाताचा पेंढा चार बोटं जाडीने पसरा, पण खोडाभोवती वीतभर जागा उघडी ठेवा. आच्छादन खोडाला चिकटलं की साल कुजते आणि वाळवीला वाट मिळते.

खताला घाई नको. नवी पालवी पक्व झाल्यावर, म्हणजे साधारण दोन महिन्यांनी सुरुवात करा. मोठ्या वाढीच्या फणसासाठी सर्वसाधारण शिफारस अशी: पहिल्या वर्षी १० किलो शेणखत आणि वर्षभरात मिळून १५० ग्रॅम नत्र, ८० ग्रॅम स्फुरद, १०० ग्रॅम पालाश. मग दर वर्षी तेवढीच भर घालत पाच-सहा वर्षांत ५० किलो शेणखत आणि ७५०, ४००, ५०० ग्रॅमपर्यंत जायचं. छाटून बुटक्या ठेवलेल्या झाडाला एवढं लागत नाही. मी शेणखत पूर्ण देतो आणि रासायनिक खत निम्म्यापासून सुरू करतो. पालवी फिकट, बारीक वाटली तरच वाढवतो. नत्र जास्त झालं की झाड फक्त उंच पळतं आणि तुमचं छाटणीचं काम दुप्पट होतं. वर्षाचा हप्ता चार-पाच वेळा विभागून, खोडापासून लांब, पानांच्या घेराखाली द्या आणि लगेच पाणी द्या.

छाटणी: झाड बुटकं होतं ते इथे

कलम कमरेएवढं झालं की शेंडा खुडा. साधारण ७५ ते ९० सेंटिमीटरवर. हा पहिला काप सगळ्यांत अवघड वाटतो, कारण एवढ्या काळजीने वाढवलेल्या रोपाचं डोकंच उडवायचं असतं. पण तो टाळला तर पुढचं सगळं बिघडतं. शेंडा गेला की खालचे डोळे जागे होतात आणि पाच-सात फुटवे येतात. त्यातले वेगवेगळ्या दिशांचे, एकमेकांपासून थोड्या अंतरावर असलेले, खोडाशी मोठा कोन करणारे तीन-चार ठेवा. बाकीचे कोवळे असतानाच काढा. खोडाला चिकटून सरळ वर जाणारी फांदी फळांच्या वजनाने फाटते, ती ठेवू नका. सर्वांत खालची फांदीही जमिनीपासून दोन-अडीच फूट वर असू द्या, नाहीतर पुढे फळं मातीला टेकतात आणि कुजतात.

या तीन-चार फांद्या प्रत्येकी दोन फूट झाल्या की त्यांचीही टोकं खुडा. प्रत्येकीवर दोन-तीन उपफांद्या ठेवा. दीड-दोन वर्षांत वाडग्यासारखा मोकळा सांगाडा तयार होतो. तो तयार असला की पुढची छाटणी वर्षातून एकदाच, फळं उतरल्यावर, कोरड्या हवेत करायची.

त्या वेळी मी या क्रमाने बघतो. आधी वाळकं आणि रोगट. मग मधून सरळ वर उसळलेले पाणसोट, जे मुळाशीच कापायचे. मग एकमेकींवर घासणाऱ्या फांद्यांपैकी एक. शेवटी उंची: हात वर करून जिथपर्यंत पोचतो त्याच्या थोडं वर, म्हणजे अडीच-तीन मीटरवर, जवळच्या बाजूच्या फांदीशी काप. मधेच ठोंब ठेवून कापलं तर तिथून झुडपासारखे फुटवे येतात. एका वेळी एक चतुर्थांशाहून जास्त पानं काढू नका. खूप वाढलेलं झाड खाली आणायचं असेल तर दोन-तीन वर्षांत टप्प्याटप्प्याने आणा.

चीक वाहील. घाबरू नका, तो आपोआप थांबतो. अंगठ्याहून जाड कापावर बोर्डो पेस्ट (मोरचूद आणि चुन्याचा लेप) लावा. सावलीत वाढलेलं खोड छाटणीनंतर अचानक उन्हात आलं तर साल भाजते, म्हणून उघड्या पडलेल्या भागाला चुन्याचा हात द्या. सिकेटर (छाटणीची कात्री) आणि करवत खोबरेल तेलात भिजवलेल्या फडक्याने पुसत राहिलात तर चीक चिकटत नाही. एका झाडावरून दुसऱ्यावर जाताना पाती स्पिरिटनेही पुसा.

आणखी एक: फळांचे जुने देठ जिथून निघतात त्या खोडावरच्या गाठी खरवडू नका. वाळलेला देठ हलकेच काढा, गाठ राहू द्या. पुढचा फुलोरा पुष्कळदा त्याच जागेतून येतो.

फुलोरा आणि नवख्यांचा सर्वांत मोठा घोर

"झाडाला फळं लागतात पण काळी पडून गळतात, काय फवारू?" हा प्रश्न मला जितका विचारला जातो तितका दुसरा कुठलाच नाही. बहुतेक वेळा उत्तर असतं: काही फवारू नका, ती फळं नाहीतच.

फणसाच्या एकाच झाडावर नर आणि मादी फुलोरे वेगवेगळे येतात. दोन्ही लहान हिरव्या कणसासारखे. नर बारीक आणि गुळगुळीत, त्याचा देठही बारीक. तो पक्व झाला की अंगावर पिवळा परागाचा भुकटा दिसतो, मग तो काळा पडतो, बुरशी धरते आणि गळतो. हे त्याचं ठरलेलं आयुष्य. मादी फुलोऱ्याचा देठ जाड, तळाशी हिरवी ठळक कंकणासारखी कड आणि पृष्ठभाग खरबरीत. परागधारणेच्या वेळी त्यावर असंख्य बारीक तंतू उभे राहतात. तरुण झाडावर पहिल्या हंगामात पुष्कळदा फक्त नरच येतात. त्यामुळे पहिल्या वर्षी सगळं गळून गेलं तरी निराश होऊ नका.

हे परागीभवन कोण करतं याबद्दल वर्षानुवर्षं वारा असंच उत्तर दिलं जायचं. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्लोरिडातल्या अभ्यासात फणसाच्या नर फुलोऱ्यांवर वाढणाऱ्या चिलटांएवढ्या बारीक माश्यांचा यात वाटा असल्याचं दिसलं. म्हणून मी गळलेले नर फुलोरे आता झाडाखालून झाडून काढत नाही. कुजलेली फळं मात्र काढतोच. त्यांच्यावरची बुरशी चांगल्या फळांवर जाते.

अंगणात एकच झाड असेल तर हाताने मदत करा. पिवळा भुकटा सुटलेला नर फुलोरा तोडा आणि तंतू उभे राहिलेल्या मादीवर सगळ्या बाजूंनी हलकेच फिरवा. दोन-तीन दिवस सकाळी एवढं केलं की पुरे. फणसातला प्रत्येक गरा म्हणजे एक फळलेलं फूल असतं. ज्या बाजूच्या फुलांना पराग मिळाला नाही त्या बाजूला गरे भरत नाहीत आणि फळ वाकडं, खोलगट होतं. वाकडा फणस दिसला की लोकांना कीड आठवते, पण कारण पुष्कळदा एवढंच असतं.

किती फळं ठेवायची

कमी. लवकर फळणाऱ्या जातीचा हा धोका आहे की ती झेपत नसताना फळं धरते. दीड वर्षाच्या मनगटाएवढ्या खोडावर सहा फणस पोसले तर झाडाची वाढ खुंटते, कधी फांद्या शेंड्याकडून वाळत येतात. पहिल्या बहारात एक, फार तर दोन फळं ठेवा. तिसऱ्या-चौथ्या वर्षी चार-सहा. पुढे झाडाचा आकार बघून. एका घोसात एकच फळ असू द्या, तेही सर्वांत सरळ आणि खोडाजवळचं. काढलेली मुठीएवढी कुयरी, म्हणजे कोवळा फणस, भाजीला जाते, त्यामुळे वाया काहीच जात नाही.

कीड आणि रोग

फळ आणि शेंडा पोखरणारी अळी ही मुख्य शत्रू. फळावर भोक आणि त्यातून बाहेर आलेली भुशासारखी विष्ठा दिसली की तीच. शिरल्यावर फवारणीचा उपयोग नसतो. फळ नारळाएवढं व्हायच्या आधी त्याला कापडी किंवा जाळीदार पिशवी सैल बांधणं हा सर्वांत सोपा आणि खात्रीचा उपाय आहे. फळमाशीपासूनही तेच राखण. दोन फळं एकमेकांना टेकतात तिथे अळीला आसरा मिळतो, म्हणूनही विरळणी हवी. पोखरलेली कोवळी फळं आणि शेंडे काढून जाळा किंवा खोल पुरा.

पिठ्या ढेकूण दिसला तर आधी झाडावर चढणाऱ्या मुंग्यांचा बंदोबस्त करा, मग पाण्याचा जोराचा फवारा आणि निंबोळी अर्क. पावसाळी हवेत कोवळ्या फळांवर काळी बुरशी आली तर झाडाचा पानांचा घेर विरळ करा, वारा खेळू द्या. एका टक्क्याच्या बोर्डो मिश्रणाची फवारणी पावसाआधी केलेली चांगली. खोडाच्या बुंध्याशी साल मऊ पडून तपकिरी पाणी झिरपू लागलं तर तो मुळकुजीचा इशारा समजा. पाणी ताबडतोब थांबवा, आच्छादन बाजूला करा, निचरा काढा.

कुंडीत जमतं का

जमतं, पण अपेक्षा माफक ठेवा. सुरुवात ४०-५० लिटरच्या कुंडीत, दीड वर्षाने १५०-२०० लिटरच्या ड्रममध्ये. तळाला आणि कडेला तळापासून दोन इंचावर भोकं हवीत. माती, कंपोस्ट आणि भरड वाळू किंवा भाताची तूस समान भागात. ड्रम विटांवर ठेवा. पाणी रोज बघावं लागेल आणि खत थोडं थोडं, पण वारंवार. उंची दोन मीटरच्या आत ठेवा. दोन-तीन फळं निघाली तर झाड खूश आहे असं समजा. गच्चीवर ठेवण्याआधी लक्षात घ्या की ओल्या मातीचा भरलेला ड्रम पाव टनाहून जड होऊ शकतो.

बाग करायची असेल तर

मोठ्या फणसाला १० बाय १० मीटर अंतर देतात, म्हणजे हेक्टरी १०० झाडं. ठेंगण्या पद्धतीत ५ बाय ५ मीटरवर ४०० बसतात, ५ बाय ४ वर ५००. चार बाय चारवर ६२५ बसतात खरी, पण तिथे एक वर्ष छाटणी चुकली तर बाग जंगल होते. पहिल्यांदाच करत असाल तर पाच बाय पाचच्या आत येऊ नका. ओळींमध्ये गाडी फिरली पाहिजे. फळ जड आहे, ते डोक्यावरून वाहून न्यायचं नाही.

उत्पन्नाचा अंदाज जाहिरातीतल्या आकड्यांवरून नव्हे, असा मांडा: एका झाडावर झेपतील इतकी फळं, गुणिले सरासरी वजन, गुणिले झाडं, आणि त्यातून पाचवा भाग वजा. दहा फळं, पाच किलो, ४०० झाडं, म्हणजे २० टन, हाती १६. पण ही अवस्था पाचव्या-सहाव्या वर्षाची. आधीची तीन वर्षं खर्चाची आहेत. त्या काळात ओळींच्या मध्ये भुईमूग, चवळी, आलं, हळद असं काही घ्या. मुळांच्या घेरात नांगर घालू नका.

सगळी बाग एकाच जातीची नको. दोन-तीन जाती असल्या की परागीभवन सुधारतं, फळं पुढेमागे तयार होतात आणि एकाच आठवड्यात सगळा माल अंगावर येत नाही. लावण्याआधी हेही ठरवा की कोवळं फळ भाजीसाठी विकायचं, पिकलेलं विकायचं की गरे काढून. त्यावरून जात, विरळणी आणि काढणीची वेळ सगळंच बदलतं. आणि शेकडो कलमं घेण्याआधी त्या जातीचं फळतं झाड स्वतः बघा, गरा खाऊन बघा. फोटोवर विसंबू नका.

फळ उतरवणं

मादी फुलोऱ्यापासून फळ तयार व्हायला जात आणि हवामानाप्रमाणे चार ते सहा महिने लागतात. फुलोऱ्याची तारीख लिहिलेली चिठ्ठी देठाला बांधून ठेवा, निम्मा अंदाज तिथेच लागतो. बाकी खुणा अशा: काटे बोथट होऊन एकमेकांपासून लांब जातात, रंग हिरव्याचा पिवळट हिरवा होतो, देठाजवळचं शेवटचं पान पिवळं पडतं, बोटाने ठोकलं तर टणक आवाजाऐवजी पोकळ, बद्द आवाज येतो. एक काटा मोडून बघा, चीक दाट पांढरा नसून पाणीदार असेल तर फळ झालं. यातल्या दोन-तीन खुणा जुळल्याशिवाय हात लावू नका. कच्चं उतरलेलं फळ मऊ पडतं, पण गोडी धरत नाही.

सकाळी, एका हाताने फळ तोलून धरत, देठ तीन-चार बोटं ठेवून धारदार कोयत्याने कापा. झटका देऊन ओढू नका, साल सोलून निघते. देठ खाली करून फळ सावलीत पानांवर ठेवा म्हणजे चीक निथळून जातो. पंचवीस अंशांच्या आसपास तीन ते दहा दिवसांत ते पिकतं, दरवळ घरभर पसरतो. कापताना सुरीला आणि हातांना तेल लावायला विसरू नका.

शेवटचं फळ उतरलं की दोन आठवड्यांच्या आत छाटणी उरका, प्रत्येक झाडाला दोन पाट्या कंपोस्ट द्या आणि पाणी सोडा.